आप्पांचं ‘वाढव’

“मिस्त्री कशाला पाहिजे? मी काय मेलोय का?”

आप्पा, माझे सासरे, शिडीच्या वरच्या पायरीवर उभे होते. सत्तरीचा माणूस, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला आणि डोकं शटरच्या वरच्या पत्र्याच्या पेटीत घातलेलं. खाली माझे दीर, मुरलीभावजी, लांब दांड्याचा पाना हातात घेऊन दुसऱ्या शिडीवर चढायच्या तयारीत होते, पण पाय काही उचलत नव्हता. मी दुकानाच्या आत बांगड्यांच्या कपाटांवर चादरी टाकत होते. बांगड्यांच्या दुकानात लोखंडाचं काम म्हणजे जिवाला घोरच.

“आप्पा, मेलाय असं कोण म्हणतंय?” भावजी म्हणाले. “पण रज्जाकभाई उद्या सकाळी येतो म्हणालेत ना? एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

“उद्या सकाळी निकमांची पोरगी चुडा भरायला येणार आहे. वर मिस्त्री लोंबकळतोय आणि खाली नवरी हात पुढं करून बसलीय, बरं दिसतं का ते?”

“मग आपण जाऊ की त्यांच्या घरी.”

“त्यांच्या घरची नवरी दुकानात येऊनच चुडा भरते. तिच्या आजीनं माझ्या बापाच्या हातनं भरला, आईनं माझ्या हातनं भरला. आता एका स्प्रिंगेपायी मी रीत मोडू होय? चढ वर!”

सकाळी दुकान उघडताना वरच्या पेटीत खाडकन आवाज झाला होता आणि अर्ध्यावर गेलेलं शटर धाडदिशी खाली आलं होतं. नशीब, खाली कुणी नव्हतं. शेजारच्या चारपाच दुकानदारांनी मिळून ते रेटून वर नेलं, आप्पांनी ते दोरानं करकचून बांधलं, खाली सागाचा वासा टेकवला. ‘आप्पा, स्प्रिंग गेली बघा. रज्जाकला बोलवा,’ एवढं सांगून मंडळी आपापल्या गल्ल्यावर गेली. आप्पांनी ऐकलं आणि ते सरळ हार्डवेअरच्या दुकानातून नवी स्प्रिंग घेऊन आले.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा हट्टी. हट्टी होतेच. पण हट्टाच्या खाली दुसरंच काही होतं आणि ते मला ठाऊक होतं. मुरलीभावजी पुण्याहून रजा काढून आले होते ते आम्हाला न्यायला. आप्पांना, मला आणि माझ्या लेकीला, सोनलला. आमचे हे, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ रमाकांत, काविळीनं गेले त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. भावजी मनानं फार चांगले. ‘वडूजला आता काय राहिलंय, आप्पा? तुम्हाला दुकान झेपत नाही, वहिनींचे हाल होतात,’ असं ते तीन दिवस गोडीगुलाबीनं सांगत होते. आप्पा ‘बघू’ म्हणत होते. आणि चौथ्या दिवशी शटर खाली आलं. आता मिस्त्रीला बोलावलं की भावजी म्हणणार, बघा, साधं दुकान उघडायलासुद्धा माणूस लागतो तुम्हाला. म्हणून आप्पा शिडीवर.

आणि मी? खरं सांगायचं तर आप्पा शिडीवर चढल्याचं मला भय वाटत होतं, पण ते उतरले असते तर त्याहून जास्त वाटलं असतं. दुकान गेलं की मी पुण्याला दिराच्या घरी. जाऊबाई सोन्यासारखी आहे, जेवायला वाढताना कधी हात आखडला नसता तिनं. पण मी जन्मभर तिथं पाहुणीच राहिले असते. दुकानात बसलं की मी कुणीतरी होते. गिऱ्हाईक ‘उज्वलाताई, ती मोरपंखी दाखवा,’ म्हणायचं, त्यात माझा दिवस जायचा. तेवढंच माझं होतं, आणि ते त्या स्प्रिंगेला टांगलं होतं.

इथं मला आप्पांच्या बोलण्याची एक तऱ्हा सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्यात दुकान बंद झालं असं म्हणत नाहीत, दुकान वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळसुद्धा आपण वाढवतो. हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण आप्पांनी ते पार टोकाला नेलं होतं. काचेचा धंदा. दिवसातून दहादा ‘वाढली, वाढली’ म्हणून म्हणून त्यांच्या जिभेवरून ‘बंद’ हा शब्दच पुसला गेला होता. नळ वाढव, पंखा वाढव, दार वाढव. दोन गिऱ्हाइकं भांडायला लागली तर ‘वाढवा आता!’ म्हणायचे आणि त्या बाया आणखीच पेटायच्या.

माझे वडील जातीनं कासार, पण नोकरीला एसटीत कंडक्टर. आमच्याकडे बंद म्हणजे बंद. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात आप्पा पूजेला बसले होते आणि आतून म्हणाले, “सूनबाई, तो रेडिओ वाढव.” मी वाढवला. “अगं, वाढव म्हटलं ना!” मला वाटलं, सासऱ्यांना ऐकायला कमी येतं. मी बटण शेवटपर्यंत पिळलं. घर दणाणून गेलं. शेजारच्या गोदाकाकूंनी भिंतीपलीकडून ओरडून विचारलं, “काय गं, नवी सून बहिरी आहे का?” तेव्हा हे पळत आले, रेडिओ बंद केला आणि तिथंच जमिनीवर बसून पोट धरून हसले. आप्पा सोवळ्यात बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “कंडक्टरची पोर. घंटी मारल्याशिवाय थांबायची नाही.” पुढं कित्येक वर्षं घरात ही थट्टा चालली.

तर, भावजी एकदाचे शिडीवर चढले. काम असं होतं. वरच्या पेटीत आडवा पाइप असतो, त्याच्यावर स्प्रिंग चढवायची. मग पान्यानं पाइप फिरवून स्प्रिंगेला पीळ द्यायचा. तो पीळच मग एवढं जड शटर उचलून धरतो. पीळ पुरेसा झाला की पाइपच्या भोकात लोखंडी पिन घालायची, म्हणजे पाइप उलटा फिरत नाही. एकानं पाना मारायचा, दुसऱ्यानं पिन घालायची. पिन बसेपर्यंत सगळा जोर पाना धरणाऱ्याच्या मनगटात असतो. आप्पांनी हे पूर्वी दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा पाना आमच्या यांच्या हातात होता.

“हं, दे पीळ,” आप्पा म्हणाले.

भावजींनी पाना ओढला. पाइप करकरला.

“आणखी एक.”

“आप्पा, फार ताठ झालंय.”

“होऊ दे. स्प्रिंग आहे, शेवई नव्हे. आणखी एक दे.”

मी खालून बघत होते. भावजींच्या कपाळावर घाम आला होता. आप्पांनी उजव्या हातात पिन धरली आणि हात पाइपपाशी नेला. तेवढ्यात त्यांना काहीतरी दिसलं. स्प्रिंगेचा आकडा पाइपच्या खाचेतून सरकत होता, हे आम्हाला मागून कळलं. आप्पांचा आवाज एकदम बदलला.

“वाढव! वाढव! मुरली, वाढव!”

मला खाली उभ्या उभ्या कळलं. माझ्या तोंडून “भावजी, थांबा!” निघालंसुद्धा. पण भावजी दहावीनंतर शिकायला बाहेर पडलेले, आप्पांच्या बोलीची सवय मोडलेली. त्यांच्या कानावर वडिलांचा घाईचा आवाज पडला आणि हातात पिळाचा पाना होता. त्यांनी दात खाऊन आणखी अर्धा फेरा दिला.

आकडा सुटला. पाना भावजींच्या हातातून हिसकला गेला आणि गरकन फिरून त्याचा दांडा आप्पांच्या हातावर बसला. हात मागं लोखंडी पट्टीवर दाबला गेला. आप्पा ओरडले नाहीत. “आई गं,” एवढंच म्हणाले, अगदी हळू, आणि शिडीला मिठी मारून उभे राहिले. भावजींनी त्यांना खांद्यावर घेऊन खाली उतरवलं. माझ्या पदरात मी तो हात धरला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं चेचली होती. उजव्या हाताची. मला रडूच फुटलं, कारण तो हात नुसता हात नव्हता. अर्ध्या तालुक्याच्या लेकीसुनांचे पंजे त्या तीन बोटांनी मऊ करून बांगडीतून पार केले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी हाडं बसवली, प्लास्टर घातलं. म्हणाले, जखम भरेल, जेवता येईल, सही करता येईल. पण पकड पहिल्यासारखी यायची नाही.

भावजी बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसले होते. “वहिनी, मला वाटलं, पीळ वाढव म्हणताहेत,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

दुपार कलल्यावर आप्पांनी मला आत बोलावलं.

“मुरलीला काही बोलू नकोस,” ते म्हणाले.

“मी कशाला बोलू?”

“त्याची चूक नाही. तोंडानं मुरली म्हणालो गं. पण मी रमाकांतला सांगत होतो.” आप्पांनी डोळे मिटले. “वाढव म्हटलं की रमाकांतचा हात जागच्या जागी थांबायचा. मला वाटलं, तोच आहे.”

यांचं नाव दोन वर्षांत आप्पांनी माझ्यासमोर घेतलं नव्हतं. हे गेले त्या दिवशी आळीतल्या बायका माझ्या बांगड्या वाढवायला पुढं आल्या, तेव्हा आप्पांनी सगळ्यांना बाजूला सारलं होतं. ‘माझ्या घरात माझ्या सुनेच्या हातावर दगड उचलायचा नाही,’ म्हणाले, आणि साबणाच्या पाण्यात माझा हात धरून एकेक बांगडी अख्खी काढली. त्याच हाताला आता प्लास्टर होतं. मी पांघरूण नीट करायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

“उज्वला,” ते म्हणाले, “निकमांना निरोप दे, दुसरीकडं बघा म्हणावं. मुरली म्हणतोय तेच बरोबर. पुण्याला जाऊ. दुकान वाढव आता.”

“बरं, आप्पा,” मी म्हणाले. सासऱ्याला आणखी काय म्हणायचं?

निरोप मी दिला नाही. मुद्दाम ठरवून नव्हे. दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा उंबऱ्यावरून परत फिरले. सकाळ झाली तशी मी उठले, देवापुढं दिवा लावला, आणि पाय दुकानाकडं वळले. भावजी मागोमाग आले, त्यांना वाटलं सामान आवरायचं आहे. रज्जाकभाई आधीच येऊन शिडी लावून बसले होते. आप्पांचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

“काल एवढी घाई आहे म्हणाले असते तर माझ्या भाच्याचा साखरपुडा सोडून आलो असतो की वो,” ते म्हणाले. “आप्पांनी माझ्या तिन्ही बहिणींना बांगड्या भरल्यात.” मग भावजींचा चेहरा बघून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “वर चढल्यावर मी बोलतच नाय बघा. शिट्टी मारतो. एक शिट्टी, हात थांबला. माझ्या सख्ख्या भावाच्या डोक्याला लागलंय असंच. मी ‘सोड’ म्हणालो, त्यानं ‘ओढ’ ऐकलं. स्प्रिंगेला काय, मराठी कळत नाय.”

त्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं, पाइपला दोन बाजूंनी साखळी घातली आणि काम सुरू केलं. मी कपाटांवरच्या चादरी काढायला लागले. गादी झटकली. हिरव्या बांगड्यांचे डबे खाली काढले.

“वहिनी,” भावजी हळूच म्हणाले, “आप्पांनी काय सांगितलंय तुम्हाला?”

“दुकान वाढव म्हणालेत.”

“मग हे काय चाललंय?”

“वाढवतेय.” मी त्यांच्याकडे बघितलं. “भावजी, काल शिडीवर तुम्ही जे ऐकलंत ना, तेच दवाखान्यात मी ऐकलं. तुमची चूक असली तर माझीपण आहे.”

भावजींनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि गादीचं दुसरं टोक धरलं.

निकमांची मंडळी ठरल्या वेळी आली. शटर तोवर एका बोटानं वर जाईल इतकं हलकं झालं होतं. नवरी अनुराधा, तिची आई आणि मागं पाचसहा बायका. आप्पांचं कळल्यावर सगळ्या हळहळल्या. मग निकमकाकींनी माझ्या मोकळ्या मनगटांकडं बघितलं आणि चटकन नजर वळवली. बाई वाईट नव्हती. पण लेकीचा चुडा होता, आणि मी सवाष्ण नव्हते. म्हणूनच आप्पांनी मला सगळं शिकवूनसुद्धा नवरीच्या हाताला कधी हात लावू दिला नव्हता. ‘मला त्याचं काही नाही,’ म्हणायचे, ‘पण तुला कुणी टोचून बोललेलं माझ्यानं ऐकवणार नाही.’

“काकी,” मी म्हणाले, “माझ्या हातात बांगड्या नाहीत, ते दिसतंच आहे तुम्हाला. नको असेल तर राग नाही. चौकात दुसरं दुकान आहे. पण भरू दिलात, तर एकसुद्धा वाढू देणार नाही.”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. “आप्पांना विचारलंय का?” काकींनी शेवटी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मागून भावजींचा आवाज आला. “आप्पांनीच सांगितलंय, काकी. दुकान वाढव म्हणाले वहिनींना. मीच साक्षीला आहे.”

हे भावजी! आम्हाला न्यायला आलेले! मला हसू आणि रडू एकदमच आलं.

अनुराधा मात्र तोवर गादीवर येऊन बसलीसुद्धा. “आई, बस की गं. माझ्या हाताला घाम सुटलाय,” म्हणाली आणि दोन्ही हात माझ्यापुढं केले. कबड्डी खेळणारी मुलगी. पंजा रुंद, अंगठ्याचं हाड टणक. मी मनात म्हटलं, देवा, आजच असा हात पाठवायचा होता? पण हात हातात घेतला आणि आप्पांचं सगळं आठवत गेलं. आधी बोलण्यात गुंतवायचं. अंगठा तळहातात मुडपायचा. बांगडी ढकलायची नाही, हातालाच बांगडीतून यायला सांगायचं. “सासरी विहीर आहे का नळ?” मी विचारलं. ती “नळ,” म्हणाली आणि पहिली बांगडी पार झाली. मधे एकदा किणकिण झाली, तेव्हा काकींनी श्वास रोखला. मीही रोखला. बांगडी सरकून मनगटावर गेली. दोन्ही हात कोपराकडं हिरवेगार झाले, आणि गादीवर काचेचा कण नव्हता.

आपल्यात चुडा भरून झाला की नवरी कासाराला नमस्कार करते. अनुराधा वाकली. मी मागं सरकले, म्हटलं, “अगं, तो मान आप्पांचा.” तर काकींनी नारळ आणि विडा माझ्या ओंजळीत ठेवला, आणि त्याही वाकल्या.

आज दुकानाला दोन शटरं आहेत, शेजारचा गाळाही आम्ही घेतला. दोन्हींचं काम रज्जाकभाईंचा मुलगा बघतो. सोनलचा नवरा एकदा हौसेनं पाना घेऊन शिडीवर चढला होता, त्याला मी सासू असूनही नावानं हाक मारून खाली उतरवलं.

चुडा भरला त्या दिवशी संध्याकाळी आप्पांना घरी आणलं होतं. खाटेवर पडून होते, उशाशी रेडिओ बारीक आवाजात चालू होता. मी आले तशी त्यांनी मान वळवली.

“वाढवलंस का दुकान?”

“हो, वाढवलं.” मी नारळ त्यांच्या डाव्या हातात दिला.

“हा कुठला?”

“निकमांचा. चुड्याचा.”

आप्पांनी नारळ हातात फिरवला. दारात भावजी उभे होते, त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“भरला कुणी?”

“मी.”

“किती वाढल्या?”

“एकही नाही, आप्पा.”

आप्पा नारळ छातीवर ठेवून आढ्याकडं बघत राहिले, आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांपर्यंत गेलं. मला वाटलं, रागावले. सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून दुखावले.

“तो रेडिओ वाढव,” ते म्हणाले.

मी निमूट उठले आणि बंद करायला बटणावर हात ठेवला.

“तसा नव्हे,” आप्पा म्हणाले. “तुझ्यासारखा.”

मी बटण शेवटपर्यंत पिळलं. घर दणाणून गेलं, भिंतीवरची भांडीसुद्धा वाजायला लागली, आणि पलीकडून गोदाकाकू ओरडल्या, “काय गं उज्वला, परत बहिरी झालीस का?”